ऑक्सिजनचं मेहूण

ह्यांच्या पँटींना भोकं पडायची ती धुतल्यावर. आधी काही दिसायचं नाही. दोरीवरून वाळलेली पँट काढून घडी घालायला घेतली की मांडीपाशी टाचणीच्या डोक्याएवढी चार-दोन भोकं असायची आणि त्यातून खिडकीचा उजेड दिसायचा. मी आधी साबणाला नावं ठेवली, मग धुण्याच्या दगडाला, मग वरच्या मजल्यावरच्या मांजराला. शेवटी ह्यांनीच कबूल केलं की तो आम्लाचा थेंब असतो. पडतो तेव्हा पाण्यासारखाच दिसतो, कापडात गुपचूप बसून राहतो आणि धुतल्यावर बाहेर पडतो. आधी का नाही सांगितलं म्हणून मी भांडले, तर म्हणाले, तू साबण बदलत होतीस ते बघायला मजा येत होती.

हे साताऱ्यातल्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्या भरायच्या, स्पिरिटचे दिवे लावायचे आणि विझवायचे, असं काम. संध्याकाळी घरी आले की अंगाला कधी सडक्या अंड्याचा वास यायचा, कधी जळक्या काडीचा. जेवताना सांगायचे, आज मोरचूद तापवलं, निळं होतं ते पांढरंफटक पडलं, आणि वर पाण्याचा थेंब टाकला तर परत निळं. आज मॅग्नेशियमची फीत जाळली, पोरांनी डोळ्यांवर हात धरले. मी भाकरी थापत ऐकायची. ती प्रयोगशाळा मी कधी पाहिली नव्हती. माझ्या मनात ते एक मोठं स्वयंपाकघर होतं, जिथं दिवसभर काहीतरी शिजतं आणि जेवायला कुणी बसत नाही. आजही डोळे मिटले की खरी खोली आठवत नाही, ती मनातलीच आठवते. उंच खिडक्या, निळसर उजेड, रांगेनं उभ्या बाटल्या आणि त्यांच्यामधून सावकाश चालणारे हे. पायांचा आवाज नसतो.

तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत हे गेले. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. लेक तेव्हा तिसरीत होती.

सगळं कार्य उरकल्यावर मुख्याध्यापकांनी मला शाळेत बोलावून घेतलं. चहा मागवला आणि म्हणाले की ह्यांच्या जागेवर मला घेता येईल, संस्था नाही म्हणणार नाही, पण दहावी पास असायला हवं. पुढच्या जूनपर्यंत जागा धरून ठेवतो, त्यापुढं माझ्या हातात नाही. मी दहावीला बसले होते हे त्यांना सांगितलं. विज्ञानात राहिले होते हेही सांगितलं. ते म्हणाले, मग बसा की परत.

बोलायला सोपं होतं. सासर माझं मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तीच रीत आहे. आत्यांचं म्हणणं साधं होतं. पोरीला घेऊन गावाकडं यायचं, भाताची खाचरं आहेत, दोन म्हशी आहेत, थोरला दीर काय वाऱ्यावर सोडणार नाही. त्यांचा धाकटा मुलगा गेला होता आणि त्याची एवढी एकच खूण त्यांना डोळ्यांसमोर हवी होती. त्यात वाईट काही नव्हतं, आणि म्हणूनच मला नाही म्हणता येत नव्हतं. पण मला साताऱ्यातच राहायचं होतं. लेकीची शाळा इथं होती, ह्यांच्या चपला अजून दाराशी होत्या, आणि गावी गेले असते तर मी आयुष्यभर कुणाची तरी म्हणून राहिले असते. सून म्हणून, धाकटी जाऊ म्हणून. शेवटी आत्या म्हणाल्या, जूनपतोर बघ. जूनला नोकरी लागली तर रहा, न्हाई तर पोरीचा दाखला काढ आणि ये. मी बरं म्हटलं.

तर असं सगळं येऊन थांबलं एका धड्यावर. इतक्या वर्षांनी सगळेच विषय परत द्यायचे होते, पण बाकीच्यांची मला भीती नव्हती. मराठी, इतिहास मी गोष्टीसारखा वाचत होते, गणितात काठावर का होईना निघाले असते. विज्ञानात मात्र रासायनिक समीकरणं नावाचा एक डोंगर होता आणि तो मी कधी चढलेच नव्हते. माझं माहेर कवठे महांकाळकडचं. तिथं आमच्या शाळेत त्या वर्षी विज्ञानाला शिक्षकच नव्हता. चित्रकलेचे सर तास घ्यायचे. फुलाचे भाग त्यांनी फळ्यावर इतके सुंदर काढले होते की पुसवत नव्हते, पण समीकरणांचं पान आलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, हा धडा ऑप्शनला टाका. आम्ही सगळ्या वर्गानं टाकला. मग मी राहिले, मग स्थळ आलं, मग राहिलेल्या विषयाचं कुणाला काय पडलं होतं.

मी तेव्हा सकाळी दोन-तीन घरी पोळ्या करत होते. त्यातलं एक घर गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या बाईंचं. बाई ह्यांच्याच शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. एकट्या राहायच्या, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. मी बाहेरून दहावीला बसतेय हे कळल्यावर त्यांनी माझं कौतुक वगैरे काही केलं नाही. म्हणाल्या, पोळ्या झाल्या की तासभर बसत जा, आणि हात स्वच्छ धुऊन बस, माझ्या पुस्तकांना कणीक लागलेली मला चालणार नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी पाण्याचं समीकरण घातलं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी. इकडं ऑक्सिजन दोन, तिकडं एक. दोन्हीकडं सारखे कर. मी पेन्सिल उचलली आणि पाण्याच्या सूत्रातल्या 'ओ' या अक्षराच्या पायाशी एक छोटा दोन लिहून टाकला. झालं सारखं. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "तू काय बनवलंस माहीत आहे? जखमेवर घालतात ते पेरॉक्साइड. आता हे पिऊन दाखव."

ही चूक मी नंतर महिनाभर करत राहिले. बाईंना कळेना की असं का होतंय, आणि मला कळेना की यात चूक काय. मग एक दिवस कणीक मळताना माझं मलाच उमगलं. आमच्या माहेरी पाण्याची ओढ, धान्याची ओढ, आणि पाहुण्यांना मात्र तोटा नाही. दारात कुणी आलं की आई चुलीकडं बघायची आणि उकळत्या आमटीत तांब्याभर पाणी ओतायची. कमी पडलं की त्याच भांड्यात वाढवायचं, हे माझ्या हाडात मुरलेलं होतं. समीकरणात ऑक्सिजन कमी पडला की मीही तेच करत होते, भांड्यातच ओतत होते. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "पायाशी जो लहान आकडा असतो ना, तो त्यांच्या घरातला मामला. त्याला हात लावायचा नाही. तुला काय वाढवायचं ते पुढं मोठा आकडा घालून वाढव. आमटी पातळ करू नकोस, अख्खं भांडं दुसरं चढव."

तेव्हापासून बाई मला स्वयंपाकघरातूनच शिकवायला लागल्या. एका ताटात त्यांनी मटकी, हरभरे आणि राजमा ओतला. मटकी म्हणजे हायड्रोजन, हरभरा ऑक्सिजन, राजमा कार्बन. मी ताटाच्या मधोमध पोळ्यांचं लाटणं आडवं ठेवायची, ते झालं बाणाचं चिन्ह, आणि इकडचे दाणे उचलून तिकडं मांडायची. मांडताना मला झोपेत चालल्यासारखं वाटायचं. दुपारची गल्ली शांत असायची, खिडकीतून अजिंक्यताऱ्याचा कडा दिसायचा, बाईंचा डोळा लागलेला, आणि ताटात राजमा हरभऱ्यांना धरून बसलेला. वाटायचं, आता ह्यांना दाखवावं. मग आठवायचं. तरी मांडत राहायची. संध्याकाळी ते सगळं भिजत घालून दुसऱ्या दिवशी त्याची मिसळलेली उसळ व्हायची. लेक विचारायची, आज कसली उसळ, मी म्हणायची, आज मिथेनची.

पण एका ठिकाणी गाडी परत रुतली. मॅग्नेशियम जळतं ते समीकरण. मॅग्नेशियम एक, ऑक्सिजन एक, मिळून राख. मी लिहायची एक आणि एक मिळून एक, दोन्हीकडं सारखं. बाई म्हणायच्या, चूक. ऑक्सिजन एकटा येत नाही, त्याच्या रेणूत दोन अणू असतात. मी म्हणायची, पण आपल्याला एकच हवाय ना? बाई म्हणायच्या, तुला काय हवंय ते तो विचारत नाही. मग मी त्या ओच्या पुढं अर्धा लिहायची. अर्धा रेणू. बाई कपाळाला हात लावायच्या. शब्द मला कळत होते, पाठही झाले होते, पण आत उतरत नव्हते. कुणी एकटं का येऊ शकत नाही, हे मला पटतच नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्याचा राग यायचा. मी एकटी बाजारात जात होते, एकटी पालकसभेला जात होते, आणि हा कोण लागून गेला ऑक्सिजन.

त्या साली धोंड्याचा महिना आला होता. आत्यांनी देवाला पाच मेहुणं जेवू घालायची बोलली होती. मेहूण म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांनी शेजारी शेजारी पाटावर बसायचं, आपण त्यांचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे. मला निरोप आला, स्वयंपाकाला ये. पंगतीला ये असा तो निरोप नव्हता हे कुणी सांगायची गरज नव्हती. लेकीला घेऊन मी मेढ्याची गाडी धरली.

सकाळपासून मी आणि थोरल्या जाऊबाई चुलीपुढं होतो. धोंडे वळत होतो, भात उतरवत होतो, धुरानं डोळे चुरचुरत होते. बाहेर सोप्यात पाट मांडले, रांगोळ्या काढल्या. चार जोड्या वेळेवर आल्या. पाचवी माझ्या धाकट्या नणंदेची. नणंद आली ती एकटीच. तिचा नवरा सैन्यात, सुट्टी मंजूर झाली होती आणि आदल्या दिवशी रद्द झाली. ती बिचारी नवी साडी नेसून, डोक्याला गजरा माळून दारात उभी, आणि घरातल्या सगळ्या बायका तिच्या मागं रस्त्याकडं बघतायत.

जाऊबाई म्हणाल्या, लेकच आहे घरची, बसवू की तिला तशीच. आत्या तयार होईनात. म्हणाल्या, "अर्धं मेहूण देवाला चालत न्हाई. बसलं तर दोगं बसत्यात, न्हाई तर कुनी न्हाई." आणि त्यांनी वरच्या आळीतल्या एका जोडप्याला बोलवायला लगोलग माणूस पाठवला.

मी चुलीपुढं बसून हे ऐकत होते आणि हातातला झारा हातातच राहिला. ते जोडपं आलं, पाटावर बसलं, पाच मेहुणं भरली. आणि नणंद उरली. एकीच्या जागेसाठी दोघांना बोलवावं लागलं, कारण एकटा माणूस या हिशोबात धरतच नाहीत. मग जी उरली तिचं ताट वेगळं करायचं. झारा खाली ठेवून मी राखेत बोटानं लिहायला लागले. ऑक्सिजन बोलवायचा तर जोडीनंच बोलवायचा. एक मॅग्नेशियमला पुरला, एक उरला. उरलेल्याला उपाशी ठेवता येत नाही. मग त्याच्यासाठी आणखी एक मॅग्नेशियम आणायचं. दोन मॅग्नेशियम, एक जोडी, दोन राख. इकडं तिकडं सारखं. इतके दिवस जे होत नव्हतं ते राखेत झालं, आणि तेही राखेचंच समीकरण. मी बोट झटकन मागं घेतलं. जाऊबाईंनी विचारलं, काय गं, भाजलं का? मी म्हटलं, न्हाई, जमलं.

आनंद झाला हे खरं, पण त्याच्या बुडाशी संताप होता. बाहेर माझ्याच नवऱ्याच्या घरात पाच जोड्या जेवत होत्या आणि मी त्यांना लागेल ते आतून पाठवत होते. माझ्या हातचे धोंडे देवाला चालत होते, मी चालत नव्हते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी ते माझ्या पुढ्यात राखेत स्पष्ट लिहिलेलं होतं आणि मला ते पुसायचं नव्हतं.

थोड्या वेळानं नणंद आपलं ताट घेऊन आत आली आणि माझ्याजवळ भुईवरच बसली. गजऱ्याचा वास सगळ्या धुरात पसरला. तिनं एक धोंडा मोडून अर्धा माझ्या तोंडापुढं धरला आणि म्हणाली, "वहिनी, माजा नवरा जित्ता हाय तरी मी हितंच, आन तुमचा न्हाई तरी तुमी बी हितंच."

आम्ही दोघी हसायला लागलो. आधी हळू, मग आवरेना. जाऊबाईंनी दार लोटून घेतलं, बाहेर ऐकू जाईल म्हणून. हसता हसता मी तिला ऑक्सिजनचं सगळं सांगितलं, जोडीनं येतो, आत आला की एकेकटा होतो, ज्याला त्याला वेगळं मॅग्नेशियम मिळतं. तिला त्यातलं काही कळलं नसावं. पण ती म्हणाली, बरं हाय की त्याचं. एका ताटात आम्ही जेवलो, आणि त्या दिवसानंतर ती मला दर आठवड्याला फोन करून विचारायची की आता कोण जळालं.

साताऱ्याला आल्यावर मी बाईंना हे समीकरण मांडून दाखवलं आणि मेहुणाची गोष्ट सांगितली. त्या स्वतः लग्न न केलेल्या. मला वाटलं आता काहीतरी टोचणारं बोलतील. त्यांनी पुस्तक मिटलं आणि एवढंच म्हणाल्या की पस्तीस वर्षं शिकवलं पण असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या मेहुणांच्या पंगतीत मलाही कधी कुणी बसवलं नाही. मग म्हणाल्या, चल, आता अॅल्युमिनियमचं घे.

पुढचे महिने मला सलग आठवत नाहीत. एखाद्या लांबलेल्या दुपारीसारखे ते आठवतात. थंडी पडली, गल्लीत शेकोट्या लागल्या, आणि मला प्रत्येक शेकोटीच्या वर कार्बन जोड्याजोड्यांना घेऊन वर जाताना दिसायचा. दूध उतू गेलं तरी मी बघत बसायची. लेकीच्या तोंडातून सकाळी वाफ निघायची आणि मला वाटायचं, ही आत्ता काय आत घेतेय आणि काय बाहेर सोडतेय, आणि हे सगळं कुणी मांडून न दाखवता बरोबर होतंय. किल्ल्याच्या वाटेवर फिरायला गेले की झाडांखाली हिरवा अंधार असायचा. त्यात उभं राहिलं की ह्यांच्या शर्टाचा वास आल्यासारखा व्हायचा. बाईंना विचारलं, माणूस जळतं तेव्हा काय होतं. त्यांनी मला उत्तर दिलं, शिक्षकानं द्यावं तसं. बहुतेक पाणी होतं आणि बहुतेक हवा, म्हणाल्या. काही नाहीसं होत नाही, इकडचं तिकडं जातं, मोजून तेवढंच. मला तेव्हा त्याचा दिलासा वाटला नाही. मोजून तेवढंच असेल तर मग हे कुठं आहेत, असं मनात आलं. पण मी ते वहीत लिहिलं नाही, परीक्षेला येणारं नव्हतं.

मार्चात परीक्षा झाली. केंद्रावर माझ्या बाकाच्या पुढं-मागं सगळ्या रिबिनवाल्या पोरी. पर्यवेक्षकांनी आधी मला पालक समजून बाहेर थांबायला सांगितलं. विज्ञानाच्या पेपरात अॅल्युमिनियम जळायचं समीकरण आलं. घरी दहादा सोडवलेलं, पण तिथं डोकं एकदम रिकामं झालं. राखेत अॅल्युमिनियम दोन आणि ऑक्सिजन तीन. आणि तो येणार दोघादोघांनी. तीन कसे करायचे? हात आपोआप खालच्या बारीक आकड्याकडं गेला. तीनचा दोन केला की काम झालं असतं, कागदावर सगळं सारखं दिसलं असतं, एका तांब्याभर पाण्यात आमटी वाढल्यासारखं. पेन टेकलंसुद्धा. मग मी हात मागं घेतला आणि डोळे मिटले.

मला गावाकडचा सोपा दिसला, मेहुणांचे पाट दिसले. तीन जोड्या बसवल्या. माणसं झाली सहा. सहा म्हणजे राखेची दोन भांडी, प्रत्येकात तीन. दोन भांड्यांना अॅल्युमिनियम चार. कुणी उरलं नाही. मी आकडे लिहिले ते सगळे पुढं, मोठे. लिहून झाल्यावर एकदा खालच्या बारीक आकड्यांवरून नजर फिरवली, ते जसे होते तसे होते. त्यानंतरचा पेपर मी कसा लिहिला ते मला ठाऊक नाही.

निकाल लेकीनं मोबाइलवर बघितला. मी बघूच शकत नव्हते, स्वयंपाकघरात जाऊन उगाच गॅस पुसत उभी राहिले. विज्ञानात काठावरच होते, पण काठाच्या अलीकडच्या बाजूला. बाईंना सांगायला धावत गेले तर त्या म्हणाल्या, एवढं शिकवून काठावर? आणि मला जवळ ओढून घेतलं. आत्यांना फोन केला. पलीकडून म्हैस ओरडलेली ऐकू आली. मग आत्या म्हणाल्या, बरं झालं, आणि सुट्टीला पोरीला पाठवत जा. त्यांचा आवाज बसलेला होता. त्यांचं काय गेलं ते मला कळत होतं, आणि तरी मला आनंद झाला होता.

शाळा उघडायच्या थोडं आधी मी कामावर हजर झाले. प्रयोगशाळा लहानच निघाली. खिडक्या बुटक्या, एकीची काच फुटकी, तिथं पुठ्ठा लावलेला, आणि उजेड कुठल्याही खोलीत असतो तसाच. विज्ञानाचे सर नवीन होते, चांगले होते. त्यांनी पहिलं काम सांगितलं ते बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलायचं. ओलीनं सगळ्या खराब झाल्यात, म्हणाले, भिजवून काढा आणि नव्या लिहून चिकटवा.

बाटल्या उतरवून मोरीपाशी आणल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की चिठ्ठ्यांवरचं अक्षर ह्यांचं आहे. मला हे आधी सुचायला हवं होतं, सुचलं नव्हतं. किराण्याच्या यादीत असायचं तेच, थोडं मागं कललेलं. प्रत्येक बाटलीवर नाव आणि खाली सूत्र. मी नळ सोडला आणि एकेक बाटली पाण्याखाली धरायला लागले. कागद फुगायचा, शाई पसरायची, मग अंगठ्यानं हळूच लोटलं की चिठ्ठी सुटून यायची. नोकरी मिळवली होती मी, आणि नोकरीचं पहिलं काम हे होतं.

गंधकाम्लाची बाटली हातात घेतली आणि थांबले. सूत्रातले आकडे सगळे अक्षरांच्याच उंचीचे, एका ओळीत. दोन मोठा, चार मोठा. आधीच्या चिठ्ठ्या आठवून बघितल्या, ओंजळीतला लगदा उलगडून बघितला. सगळीकडं तसंच. ह्यांनी पुस्तकात बघून उतरवलं असणार, आणि तो आकडा बारीक का असतो, खाली का असतो, हे ह्यांना कधी कुणी सांगितलं नसणार. मला हसू फुटलं. बरे सापडलात, असं मनात आलं. आता संध्याकाळी जेवायला बसले की हळूच विषय काढायचा. विचारायचं, काय हो, गंधकाम्लातला चार कुठं लिहितात? मग समजावून सांगायचं, सावकाश, बाईंसारखा चष्मा काढून. वाक्य कसं सुरू करायचं तेसुद्धा मी ठरवून टाकलं.

आणि ते ठरवून झाल्यावर मला रडू आलं. हे गेले त्या दिवशीसुद्धा इतकं आलं नव्हतं, तेव्हा माणसं होती, कामं होती. नळ चालू होता म्हणून बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही. बऱ्याच वेळानं मी हात पुसले, कोरी चिठ्ठी घेतली, गंधकाम्ल असं लिहिलं, आणि त्याच्याखाली सूत्र लिहिताना चार खाली घेतला, बारीक.